तपासनिसांच्या माश्या

"काका काय करतात हल्ली?" असं रंगाच्या दुकानात कुणी गिऱ्हाइकानं विचारलं, की काकू डब्यातला रंग घुसळता घुसळता, मान वर न करता सांगत, "माश्या मारतात." गिऱ्हाईक हसे. मग काकू झाकण ठोकून बसवत आणि म्हणत, "हसू नका. मारत असते तर बरं झालं असतं. ते माश्या जपतात."

त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ह्या माश्या खऱ्या नव्हत्या. बारीकशा गळावर पिसं, केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेल्या नकली माश्या त्या. पाण्यावर अलगद सोडली की माशाला वाटावं, किडा पडला, आणि त्यानं झेप घ्यावी. अशा माश्या टाकून मासे धरणाऱ्यांचं एक मंडळ गावात होतं आणि काकूंचा नवरा त्या मंडळाचा जुना सभासद होता. सगळे त्यांना तपासनीस म्हणत. विमा कंपनीत त्यांची सगळी नोकरी लोकांचं नुकसान तपासण्यात गेली होती. कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, कुणाच्या दुकानाचं छत बसलं, की तपासनीस बॅटरी घेऊन हजर. वाकून, पालथं पडून, बोटानं माती उकरून ते बघत आणि शेवटी मालकाकडे वळून म्हणत, "योग्य ती काळजी घेतलेली दिसत नाही." ह्या वाक्यानं किती जणांच्या तोंडचं पाणी पळालं असेल, त्याला सुमार नाही. तपासनिसांना मात्र ते म्हणताना, जेवण झाल्यावर ढेकर यावी तसं समाधान वाटे.

काकूंची आणि त्यांची गाठही अशीच पडली होती. काकूंच्या वडिलांच्या ह्याच दुकानात एकदा मागच्या भिंतीतून पाणी आलं आणि रंगाचे डबे गंजून फुटले. तपासायला आलेल्या ह्या तरुण माणसानं सगळं बघितलं आणि सांगितलं, "डबे जमिनीवर होते. फळीवर हवे होते." वडिलांना छदाम मिळाला नाही. पण वडील घरी येऊन म्हणाले, "माणूस मोठा चोख आहे." तेव्हा काकूंनाही ते पटलं होतं. चोख माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे समजायला पुढे उभा जन्म होता.

निवृत्तीनंतर तपासनिसांना तपासायला काही उरलं नाही. सुरुवातीला त्यांनी घर तपासलं. भांडी कशी पालथी घालावीत, छत्री कशी वाळत घालावी, साबण कुठल्या बाजूनं झिजवावा. काकू ऐकत, आणि दुकानात निघून जात. मग कधीतरी त्यांचं लक्ष आपल्या माश्यांकडे गेलं आणि घर सुटलं.

आधी त्यांच्याकडे दोनच पेट्या होत्या. आता त्या वाढत गेल्या. स्पंजाच्या पट्ट्यांना बारीक चिरा पाडलेल्या चपट्या पेट्या, बुडणाऱ्या माश्यांसाठी. छोट्या छोट्या कप्प्यांच्या खोल पेट्या, तरंगणाऱ्या माश्यांसाठी, कारण तरंगणाऱ्या माशीच्या गळ्याभोवतीचे उभे केस दबले की ती बसते, आणि बसलेली माशी म्हणे पाण्यावर उताणी पडते. अगदी चिमुकल्या माश्यांसाठी तळाला लोहचुंबक लावलेली पेटी. प्रत्येक पेटीत, नव्या बुटांबरोबर येतात तसल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या. रंगाप्रमाणे रांगा, रांगेत आकाराप्रमाणे क्रम, सगळ्यांची तोंडं डावीकडे. पलटणीत जवान एवढे सरळ उभे राहत नसतील.

नदीवर जाताना हे सगळं अंगावर चढे. त्यांच्या जाकिटाला खिसेच खिसे होते आणि प्रत्येक खिशात एक पेटी. छातीवर मेंढीच्या लोकरीचा तुकडा शिवलेला, वापरलेली माशी तिथे टोचून वाळवायची आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पेटीत ठेवायची नाही, नाहीतर एका ओल्या माशीपायी सगळे गळ गंजतात. गोष्ट खरी होती. त्यांच्या बहुतेक गोष्टी खऱ्याच असत, तेच तर दुखणं होतं. ते काठावर उभे राहून एकेक पेटी उघडत, बघत, मिटत. ढग आला की दुसरी पेटी. वारा फिरला की तिसरी. तेवढ्यात मासे वर येऊन, खाऊन, ढेकर देऊन झोपायलाही गेलेले असत. तपासनीस रिकाम्या हातानं घरी येत आणि म्हणत, "आज पाणी नीट नव्हतं."

मंडळातल्या बाकीच्यांना ते कस्पटासमान लेखत. सगळ्यात जास्त राग नळवाल्यावर. हा नळ दुरुस्त करणारा, गडगड्या आवाजाचा, पोट सुटलेला माणूस माश्या खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत कोंबून आणी. काही टोपीत खोचलेल्या, एखादी बाहीला अडकलेली. "उकिरडा आहे तो," तपासनीस घरी सांगत. "डबी उघडली की सगळ्या माश्या एकमेकींत अडकून गोळा होऊन बाहेर येतात. मेंढरांसारख्या."

"आणि मासे?" काकू विचारत.

"मासे मिळतात त्याला. त्यात काय. मासे कुणालाही मिळतात."

माशी मात्र ते कुणाला देत नसत. एखाद्यानं मागितलीच तर म्हणत, "संच मोडतो." संच म्हणजे काय आणि तो कशासाठी न मोडता ठेवायचा, हे काकूंना आजतागायत कळलेलं नाही.

मग एका शरद ऋतूत त्यांनी कुठल्याशा जुन्या घराच्या सामानाच्या विक्रीतून एक चामडी पाकीट आणलं. पूर्वी पेट्या नव्हत्या तेव्हा लोक अशा पाकिटात माश्या बाळगत. आत लोकरीच्या नमद्याची पानं आणि पानांवर टोचलेल्या जुन्यापान्या माश्या. तपासनिसांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी ते टेबलावर उघडलं, तेव्हा आतून एक बारीक, फिकट सोनेरी पाकोळी उडाली आणि पडद्यामागे गेली.

रंगाच्या दुकानावर काकूंचा जन्म गेलेला असला, तरी दोन मुलींचे स्वेटर त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले होते. त्यांनी ती पाकोळी बघितली.

"अहो, कसर आहे त्यात. उन्हात टाका. नाहीतर बाहेर व्हरांड्यात ठेवा चार दिवस."

"अगं, उन्हात? रंग उडतील पिसांचे."

"मग डांबराच्या गोळ्या तरी टाका कपाटात."

तपासनीस हसले. ज्या हसण्यासाठी गोदामांचे मालक त्यांच्यावर मनातल्या मनात दात खात, ते हसणं. "डांबराची गोळी? माशाला वास येतो. माणसाच्या हाताचासुद्धा येतो. तुला नुकसानीबद्दल मी काय सांगणार? मी सगळी हयात नुकसान बघितलंय."

काकूंनी हात झटकले. भिंतीतल्या कपाटात खालच्या फळीवर त्यांचे स्वेटर आणि शाली होत्या, तिथे त्यांनी नव्या गोळ्या टाकल्या. वरच्या फळ्यांवर तपासनिसांनी सगळ्या पेट्या रचल्या आणि मधोमध ते चामडी पाकीट ठेवलं, नवरदेवासारखं. पेट्यांची झाकणं त्यांनी बोटभर उघडी ठेवली होती, कारण हवा खेळती राहिली पाहिजे, असं त्यांचं शास्त्र होतं. मग कपाट लावलं. थंडीत मासे धरायला बंदी असे, त्यामुळे वसंत येईपर्यंत ते उघडायचं काही कारण नव्हतं.

वसंत आला. मोसम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी तपासनिसांनी कपाट उघडलं. काकू स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. एरवी कपाट उघडलं की पुढचा तासभर तिकडून भाषण ऐकू येई. आज काहीच ऐकू येईना. काकूंनी सुरी खाली ठेवली आणि बघायला गेल्या.

तपासनीस पेटी हातात धरून उभे होते. आत स्पंजाच्या चिरांत ओळीनं गळ उभे होते. नुसते गळ. काहींवर धाग्याचा वेढा होता, एखाद्यावर अर्धं पीस लोंबत होतं, आणि खाली करडा भुसा पडला होता. कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढे कोश, जाळं, घाण. दुसऱ्या पेटीत तेच. तिसऱ्यात तेच. चामडी पाकिटाच्या नमद्याची तर चाळण झाली होती. सगळ्या गळांची तोंडं मात्र अजून डावीकडेच होती.

काकूंना हसू आलं. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात दाबलं, पण आलं होतं हे खरं.

तपासनीस बॅटरी घेऊन आले. खुर्चीवर चढून त्यांनी फळ्या तपासल्या, मग जमिनीवर पालथे पडून खालची फळी तपासली. काकूंचे स्वेटर एकेक करून उलगडले, उजेडात धरले. एकालाही भोक नव्हतं. काकू दारात कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आता तरी हा माणूस काय म्हणतो बघू, असं त्यांना वाटत होतं.

तपासनीस उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "स्वेटर शाबूत आहेत."

"आहेतच. गोळ्या होत्या."

"तेच म्हणतो मी. खाली गोळ्या टाकल्यास, म्हणून कसर वर गेली. तू ती हुसकावलीस. हुसकावली नसतीस तर ती लोकरीवर राहिली असती."

"म्हणजे माझे स्वेटर खाल्ले असते."

"स्वेटर नवे मिळतात," तपासनीस म्हणाले. "योग्य ती काळजी घेतली गेली नाही एवढंच माझं म्हणणं आहे."

चाळीस-एक वर्षांपूर्वी ह्याच माणसानं ह्याच आवाजात "फळीवर हवे होते" म्हटलं होतं आणि आपले वडील त्याला चोख म्हणाले होते, हे काकूंना आठवलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी कांदा असा चिरला की त्याचा पार चुरा झाला.

पुढच्या रविवारी मोसमाचा पहिला दिवस. तपासनिसांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, त्यामुळे काकूंना घेऊन जावं लागलं. निघताना काकूंनी बघितलं तर तपासनीस जाकीट घालून तयार. सगळे खिसे फुगलेले.

"अहो, पेट्या कशाला? आत काय आहे त्यात?"

"लोकांना दिसायला पाहिजे," तपासनीस म्हणाले. आणि पुढे घाईनं, "तोल जातो नाहीतर. सवय आहे मला वजनाची."

नदीवर मंडळाची सगळी माणसं जमली होती. काकूंनी घडीची खुर्ची टाकली, थर्मास काढला आणि बसल्या. तपासनीस काठावर उभे राहून पेटी छातीशी धरत, झाकण इंचभर वर करून आत डोकावत, मान हलवत आणि मिटत. मग दुसरी. दोऱ्याच्या टोकाला त्यांनी काही बांधलंच नव्हतं. नुसता दोरा पाण्यावर फेकत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या गळाला मासा लागताना किंवा सुटताना कुणी कधी बघितलंच नव्हतं, तर लक्षात काय येणार? काकूंना ते बघून क्षणभर कसंसंच झालं. मग त्यांना स्वेटर आठवले आणि त्यांनी चहा ओतून घेतला.

दुपारकडे नदीच्या वळणावर मासे उसळायला लागले. नळवाला तिथेच होता. घाईघाईत वाकताना त्याच्या वरच्या खिशातली गोळ्यांची डबी सटकली आणि डुबुक करून खोल पाण्यात गेली. दोऱ्याला होती ती माशी आधीच झुडपात अडकून तुटली होती. टोपी तो नेमकी घरी विसरला होता. समोर हाताच्या अंतरावर मासे उड्या मारतायत आणि ह्याच्याकडे एक माशी नाही! तो चिखल तुडवत थेट तपासनिसांकडे आला.

"साहेब, एक माशी द्या. कुठलीही. डबी बुडाली माझी."

तपासनिसांचा चेहरा उजळला. "बुडणारच! मी किती वर्षं सांगतोय, पेटीला दोरी बांधावी आणि दोरी जाकिटाला. वरच्या खिशात उघडी डबी ठेवायची, आणि मग वाकायचं..."

"सगळं खरं. भाषण संध्याकाळी द्या, मी चहा पाजतो. आधी माशी द्या. बघा, बघा, केवढा उसळला तो!"

आजूबाजूचे दोघंतिघं हे ऐकून जवळ आले. आता माशी निघणार, तपासनिसांच्या पेटीतून माशी निघणार, ही काही रोजची गोष्ट नव्हती.

"संच मोडतो," तपासनीस म्हणाले.

"मोडू दे की साहेब एकदा. दुसरी बांधून देतो तुम्हाला."

"ह्या पाण्याला माझ्या माश्या चालायच्या नाहीत."

"चालतील, नाही चालणार, माझं मी बघतो."

तपासनिसांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांची नजर घडीच्या खुर्चीवर आली आणि थांबली. "दिली असती हो," ते मोठ्यानं म्हणाले. "पण पेट्यांना कुलूप आहे आणि किल्ली घरी राहिली. हिला सांगितलं होतं घ्यायला. ही विसरली."

काकूंनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. त्या उठल्या, उतारावरून जपून खाली आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "कुलूप?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्यांदेखत त्यांच्या छातीवरच्या खिशात हात घातला, पेटी बाहेर काढली आणि अंगठ्यानं झाकण उघडून नळवाल्यापुढे धरली.

"घ्या. हवी ती घ्या."

उन्हात गळ चमकत होते. ओळीनं, स्वच्छ, उघडेबोडके. नळवाल्यानं आधी पेटीकडे बघितलं, मग तपासनिसांकडे. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"कसर लागली," काकू म्हणाल्या. "सगळ्या पेट्यांना. एकही राहिलेली नाही. मी विसरले म्हणून नाही. मी सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून."

नळवाला हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "अरेरे, साहेब. सगळ्या?" आणि तेही मनापासून म्हणाला. तपासनिसांनी पेटी काकूंच्या हातातून घेतली. झाकण मिटायचा प्रयत्न केला, पण खटका बसेना. काकूंना वाटलं, आपण मिटून द्यावी. हात पुढे झालाही होता. तेवढ्यात तपासनीस पुटपुटले, "उन्हात उघडू नये एकदम. तडे जातात प्लॅस्टिकला." काकूंनी हात मागे घेतला.

त्यानंतर पुष्कळ दिवस तपासनीस घरात मुक्यानं वावरले. काकूंना ती शांतता इतकी मानवली की त्यांचं वजन वाढलं. थोरल्या मुलीनं फोनवर काळजीनं विचारलं, "बाबा खचले का गं?" काकू म्हणाल्या, "तुझे बाबा खचणारे नाहीत. ते दुसऱ्याला खचवतात."

आणि झालंही तसंच. तपासनिसांनी त्या कपाटातले कोश चिमट्यानं उचलून बाटलीत भरले. वाचनालयातून किड्यांवरची पुस्तकं आणली. कसर काय खाते, किती थंडीत मरते, अंडी कुठे घालते, सगळं पाठ केलं. महिनाभरात त्यांच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. मंडळाच्या लोकांना त्यांची दया आली होती की नदीवरच्या त्या हशाची लाज वाटली होती, कोण जाणे. त्यांनी तपासनिसांना मंडळाच्या खोलीत बोलायला बोलावलं. विषय, माश्यांची साठवण आणि कसर.

काकू गेल्या. जायचं नव्हतं, पण गाडी चालवायला दुसरं कोण होतं? त्या शेवटच्या रांगेत बसल्या. तपासनिसांनी टेबलावर ती उजाड पेटी उघडी ठेवली, शेजारी कोशांची बाटली ठेवली आणि घसा खाकरला. नुकसान त्यांचं स्वतःचं होतं, पण बोलत होते असे, की जणू कुणा मूर्ख मालकाचं तपासून आलेत. नवी पेटी आधी बंद पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, जुनं पाकीट घरात आणूच नये. लोक माना डोलवत होते. काहीजण लिहूनसुद्धा घेत होते. काकूंना वाटलं, आता येईल, 'मला घरात कुणीतरी सांगितलं होतं' असं एखादं वाक्य आता येईल. वाक्य आलं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," तपासनीस शेवटच्या रांगेकडे बघून म्हणाले, "घरातल्या बायकांचे लोकरी कपडे माश्यांच्या जवळपास ठेवू देऊ नका. आमच्याकडे हे पथ्य पाळलं गेलं नाही."

काकू उठल्या. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला तेव्हा चार माना वळल्या. त्या बाहेर आल्या, गाडीत बसल्या, आरसा नीट केला आणि घरी निघून आल्या. आपल्यापुरतं पान वाढून घेतलं आणि रेडिओ लावून जेवायला बसल्या.

थोड्या वेळानं दाराशी गाडी थांबली. नळवाल्याची. पुढच्या सीटवर कसलासा पंप ठेवला होता म्हणून तपासनिसांना मागे, पाईप आणि वळसेदार नळांच्या ढिगात बसून यावं लागलं होतं. त्यांच्या पँटला वंगण लागलं होतं. नळवाल्यानं खिडकीतून हात हलवला आणि तो गेला.

तपासनीस आत आले. काकू घास चावत वाट बघत राहिल्या. आता निदान चिडतील, ओरडतील, गाडी घेऊन का आलीस म्हणतील.

"पाईप कसे टाकलेत त्यानं गाडीत," तपासनीस बूट काढता काढता म्हणाले. "लांब, आखूड, सगळे एकत्र. टोकांना बूच नाही. कचरा जाईल नाहीतर काय होईल? मी त्याला सांगितलं, रविवारी येतो, लावून देतो."

"जा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी रेडिओ मोठा केला.